करविती आणि कर्ती : डरहॅमच्या भरतकामाविषयी

भरतकामाच्या इतिहासात वस्त्र परिधान करणाऱ्याचे नाव राहते, देणाऱ्याचेही राहते; टाका घालणारीचे सहसा राहत नाही. उत्तर इंग्लंडमधील डरहॅम कॅथीड्रलच्या संग्रहात याचा एक बोलका पुरावा आहे.

सेंट कथबर्ट ६८७ मध्ये निवर्तले. त्यांची शवपेटी १८२७ मध्ये कॅथीड्रलमध्ये उघडण्यात आली, तेव्हा तीत भरतकाम केलेले एक स्टोल व एक मॅनिपल मिळाले. स्टोल म्हणजे धर्मगुरूने मानेवरून पुढे सोडावयाचा लांब पट्टा. मॅनिपल हा तसाच, पण डाव्या हातावर वागवावयाचा आखूड पट्टा. स्टोलवर जुन्या करारातील संदेष्टे उभे आहेत, तर मॅनिपलवर पोप ग्रेगरी व पोप सिक्स्टस आपापल्या डीकनांसह. पट्ट्यांची रुंदी सुमारे ६ सेंटीमीटर. तेवढ्या जागेत पायघोळ वस्त्रांच्या चुण्या आहेत, आणि आकृतींशेजारी त्यांची नावेही भरलेली आहेत.

आकृती रंगीत रेशमाच्या, भोवतीची भूमी कलाबुतीची. ही कलाबूत कापडातून आरपार ओढलेली नाही; ती पृष्ठभागावर अंथरून रेशमाच्या बारीक टाक्यांनी बांधली आहे. त्यामुळे मोलाचे सोने मागल्या बाजूस वाया जात नाही. इतके सफाईदार काम हाताला दीर्घ सवय असल्याखेरीज साधत नाही.

पट्ट्यांच्या टोकांना, मागल्या अंगास, लॅटिन अक्षरे भरली आहेत : एल्फ्लेडने हे करविले, धर्मनिष्ठ बिशप फ्रिथस्टन यांच्यासाठी. एल्फ्लेड ही राजा एडवर्ड द एल्डर याची दुसरी राणी. फ्रिथस्टन ९०९ मध्ये विंचेस्टरचे बिशप झाले. यावरून हे काम दहाव्या शतकाच्या आरंभीचे ठरते. राणीचा सावत्र पुत्र राजा ॲथेलस्टन याने ९३४ च्या सुमारास ही वस्त्रे कथबर्ट यांच्या समाधीस अर्पण केली, असे मानले जाते.

मूळ लेखातील 'फिएरी प्रेकेपित' या शब्दांचा अर्थ 'केले जावे अशी आज्ञा दिली' असा आहे. मराठीच्या अभ्यासकास येथे श्रवणबेळगोळचे 'श्रीचावुण्डराजें करवियलें' आठवल्यावाचून राहणार नाही. भाषा, धर्म, माध्यम सारेच निराळे; पण दोन्हीकडे अर्थ प्रयोजकाचाच आहे. करवित्याचे नाव वाक्यात येते आणि प्रत्यक्ष कर्ता क्रियापदाच्या पोटात लुप्त होतो. डरहॅमच्या लेखात तर राणीचे नाव अक्षरागणिक भरणारी सुईही त्या लुप्त कर्तीचीच आहे.

अशा अनामिकतेस आपण फार लवकर 'नम्रता' म्हणतो. आम्हांस ते मान्य नाही. नम्रतेत निवड असते. या कारागिरांपुढे, ज्या बहुधा स्त्रियाच असाव्यात, अशी निवड कोणी ठेवल्याचा पुरावा नाही. त्यांना काल्पनिक नावे देणे हाही उपाय नव्हे. आपल्या हाती आहे ते वर्णनातील प्रामाणिकपण : 'एल्फ्लेडने करविलेले' एवढेच लिहावे, 'एल्फ्लेडचे भरतकाम' लिहू नये. कर्त्याची जागा रिकामी आहे, हे त्या एका प्रयोजक रूपाने तरी वाचकाच्या ध्यानी राहील.