विंडोजवरील आज्ञा-फाईलींची वाटचाल : सोय आणि विश्वास

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवाव्यात आणि फाईलचे नाव टंकित करताच त्या क्रमाने पार पडाव्यात, ही कल्पना विंडोजपेक्षा जुनी आहे. सीपी/एम प्रणालीतील 'सबमिट' ही सोय त्याच प्रकारची होती. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासोबत डॉस आले आणि 'बॅट' फाईल रूढ झाली. तिची भाषा प्रारंभी तोकडी होती. १९८३ च्या डॉस २.० मध्ये 'इफ', 'फॉर' व 'गोटू' या आज्ञांची भर पडली, तेव्हा कुठे निव्वळ यादीला निर्णयक्षमता प्राप्त झाली.

डॉसचा स्वभाव मात्र विश्वासू होता. 'ऑटोएक्झेक' नावाची बॅट फाईल आढळल्यास संगणक सुरू होताच ती कोणालाही न विचारता चालविली जाई. एक यंत्र, एक वापरकर्ता, बाहेरचे जाळे नाही; अशा परिस्थितीत हा विश्वास अवाजवी म्हणता येत नाही.

१९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मधील 'सीएमडी'ने जुन्या फाईली चालाव्यात म्हणून जुन्या सवयीही सांभाळल्या. पुढे विंडोज ९८ मध्ये स्क्रिप्ट होस्ट अंगभूत झाला आणि व्हीबीस्क्रिप्टची फाईल दोनदा टिचकी मारताच चालू लागली. या सोयीची किंमत मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या संगणक-कृमीने वसूल केली. नावाच्या शेवटचे 'व्हीबीएस' विंडोज लपवीत असल्याने ई-मेलसोबत आलेली ती फाईल साधे पत्र भासे. कर्त्याचा दुष्टपणा मान्य करूनही म्हणावे लागते की, फाईल उघडणे आणि चालविणे यांतील भेद रचनेनेच पुसून टाकला होता.

जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या 'मोनाड' या संकल्पनेतून नोव्हेंबर २००६ मध्ये पॉवरशेल अवतरले. त्याच्या फाईलवर दोनदा टिचकी मारली असता ती चालत नाही, मजकूर म्हणून उघडते. चालू फोल्डरमधील फाईल चालवायची तर नावापूर्वी टिंब व उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. वैयक्तिक संगणकावरील मूळ मांडणीत तर नवशिक्या विद्यार्थ्याची पहिली एकोळी फाईलही नाकारली जाते! मग अनेक अध्यापक हे बंधन सैल करूनच पाठ सुरू करतात. ही अभेद्य तटबंदी नव्हे, हे मायक्रोसॉफ्टही मान्य करते. अजाणता घडणारी कृती रोखणे एवढाच तिचा हेतू आहे.

व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाले. बॅट फाईल मात्र विंडोज ११ मध्येही चालते, आणि 'सीएमडी' तिचा शोध मूळ मांडणीनुसार अद्याप प्रथम चालू फोल्डरमध्येच घेतो.