पाणथळीवरचे कसब

म्हैसूरच्या व्हॅन इन्जेन यांच्या कार्यशाळेची कीर्ती वाघ-बिबळ्यांमुळे पसरली. पण मृत देहाला सजीव रूप देण्याच्या या कलेचे यश शिकारीच्या जागीच ठरते. पाणपक्ष्यांच्या बाबतीत तर विशेषच. बदक पाण्याबाहेर काढताच चोच, घसा आणि छऱ्यांच्या जखमा कापसाने बुजवाव्या लागत. एरवी रक्त पिसांत उतरे. पिसे मूळ वळणाने बसवून, पंख मिटवून, पक्षी डोक्याकडून कागदाच्या शंकूत सरकवायचा. चोचीचा व पायांचा रंग तत्काळ टिपायचा, कारण तो थोड्याच वेळात पालटतो. उन्हात पोटाकडची त्वचा आधी कुजते. मग पिसे गळतात आणि निष्णात कारागीरही हतबल होतो. भिंतीवर मिरवे ती बंदूक. कापूस धरणाऱ्या हाताची नोंद कोण ठेवणार?

पक्षिशास्त्रही याच कसबावर उभे राहिले. सालिम अलींनी ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आत्मसात केले. त्यांच्याच आग्रहावरून म्हैसूर दरबाराने १९४० मध्ये, शहरापासून जवळच असलेल्या रंगनतिट्टूच्या कावेरीतील बेटांना अभय दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. व्हॅन इन्जेन यांची कार्यशाळा १९९९ मध्ये बंद झाली.