लग्न लावणाऱ्याची सही



लग्नसराई आली की आपल्या बचत गटात मांडव, आहेर, जेवणावळ या सगळ्याची चर्चा होते. पण लग्न लावणाऱ्यानं कागदावर सही केली का, हे आपण विचारत नाही. त्या सहीमागं मोठा इतिहास आहे. आज तोच बघूया.

पूर्वी गावचा जोशी वतनदार असायचा. लग्न लावणं हा त्याचा पिढीजात हक्क. त्याला न बोलावता लग्न लावलं, तर दक्षिणा बुडाली म्हणून तो कोर्टात जायचा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवाय, थोडक्या खर्चात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. जोतीरावांनी या लग्नांसाठी मंगलाष्टकं रचली. त्यात नवरी बायकांचे हक्क मागते आणि नवरा तसं वचन देतो.

पुढं जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्नं अशीच लावली. गावच्या जोशांनी दावा ठोकला. भांडण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं आणि तिथं पाटलांची बाजू टिकली. शेवटी १९२६ साली मुंबई प्रांतात कायदाच झाला, की ज्याला लग्नाला बोलावलंच नाही त्याला दक्षिणा मागता येणार नाही.

आपल्या भागातही हे वारं आलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६ च्या सुमारास, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात ‘गांधी लग्नं’ लागली. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. आपल्यातल्या जुन्या बायकांनी त्या लग्नांच्या गोष्टी घरात ऐकल्या असतील.

म्हणजे लग्न कुणी लावायचं, हे ठरवायचा हक्क आपल्याला मिळाला. पण लग्न झाल्याचं सांगणार कोण? ख्रिस्ती लग्नासाठी १८७२ चा कायदा आहे. त्यात लग्न कुणी लावायचं ते ठरवून दिलंय. काही पाद्र्यांना सरकारचा परवाना घ्यावा लागतो, आणि लग्नाची नोंद रजिस्टरात होते. मुसलमानांच्या निकाहात निकाहनामा होतो. काझींसाठी १८८० चा कायदा आहे, पण लग्नाला काझी असलाच पाहिजे असं तोही म्हणत नाही. हिंदू लग्न लावणाऱ्याला परवाना लागत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा एवढंच बघतो, की दोघांपैकी एकाच्या रीतीप्रमाणं विधी झाला का. त्यामुळं आज बाईही पौरोहित्य करते.

परवाना नाही, म्हणून नोंदीला महत्त्व. महाराष्ट्रात आज १९९८ चा विवाह नोंदणी कायदा चालतो. लग्नानंतर ९० दिवसांत नोंदीचा अर्ज द्यायचा. त्यावर नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. लग्न लावणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सहीही अर्जात मागतात. गावात हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं) असतं. नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. पण नवऱ्यानं दुसरा संसार थाटला, पोटगी मागायची वेळ आली किंवा तो गेल्यावर पेन्शनचा कागद करायचा झाला, की बाईला ‘मीच त्याची बायको’ हे सिद्ध करत फिरावं लागतं. तेव्हा लग्नातले फोटो आणि पत्रिका कमी पडतात. साक्षीदार म्हातारे झालेले असतात.

याच सहीची दुसरी बाजूही आहे. मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झालेला नसेल, तर २००६ च्या बालविवाह कायद्यानं लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आई-बाप ऊसतोडीला जाणार म्हणून पोरीचं घाईनं उरकायचं ठरतं, तेव्हा भटजीनं आधी जन्माचा दाखला मागायला हवा. तो मागत नसेल तर आपण मागायचा. गावात बालविवाह थांबवायची जबाबदारीही ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीच आहे. मुलांची मदतवाहिनी १०९८ वरही कळवता येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात लग्न ठरलं की याद्या करतानाच दोन गोष्टी लिहून ठेवूया: मुलामुलीचा जन्मदाखला बघायचा, आणि अक्षता पडल्यावर लग्न लावणारा मांडवातून जायच्या आत अर्जावर त्याची सही घ्यायची.