खडी, वाळू आणि पाणी

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 मध्ये ‘उत्पादक काम’ या शब्दाची व्याख्या आहे. ज्याने उत्पादन वाढेल, किंवा जे न झाल्याने वाढ अडेल, ते काम, असा तिचा अर्थ. या हमीचं मूळ सांगली जिल्ह्यातलंच: वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग केला होता. शेजारच्या खानापूर तालुक्यात मात्र ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात हमीचं काम म्हणजे खडी फोडणं. दिवसभर हातोडा, मग ढिगाचं माप, मापावर मजुरी. त्या ढिगानं रानात पाणी येणार नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि बरेच संपकरी गावी आले. मोर्चा, मागणीपत्र, वाटाघाटी त्यांना नव्या नव्हत्या. अभ्यासक-कार्यकर्ते गेल ऑम्व्हेट आणि भारत पाटणकर यांनी खानापुरातल्या मुक्ती संघर्ष चळवळीबद्दल लिहिलेलं त्या कायद्याशेजारी ठेवलं, की मागण्यांचा क्रम लागतो. आधी काम आणि मजुरी. मग, खडी नको, दुष्काळ हटवणारं काम द्या. ही मागणी कायद्याच्या बाहेरची नव्हतीच. सरकारला त्याचीच व्याख्या वाचून दाखवल्यासारखं होतं ते.

पुढची मागणी वाळूची. साताऱ्याच्या खटाव भागातून येणाऱ्या येरळा नदीचं पात्र ठेकेदार उपसत होते. तो उपसा थांबवा, आम्हाला मोजकी वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्हीच धरण बांधतो, असं बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मांडलं. तसं पाहिलं तर मागितला एक परवानाच. कट्टर डाव्याने नाक मुरडावं इतकी साधी गोष्ट! पण वाळू कुणाची, हे एकदा विचारलं की पाणी कुणाचं, हे विचारावंच लागतं. खडीच्या मागणीत तो प्रश्न अजून नव्हता, वाळूच्या मागणीत तो आला. माझ्या मते वळण इथे आहे.

श्रमदान, वर्गणी आणि वाळूचे पैसे यांतून बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. अभियंते के. आर. दाते यांच्यासारखे जाणकार मदतीला होते. पाणीवाटप ठरलं ते जमिनीच्या एकरावर नव्हे, कुटुंबावर. भूमिहीनालाही वाटा. ‘उत्पादक काम’ कायद्यात लिहिलेलं होतं. भूमिहीनाचा पाण्यातला वाटा त्या कायद्यात कुठेच नव्हता; तो गावांनी ठरवला.