आडनावातलं गाव

सोनाळ्याचा माणूस पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेला की सातपुड्याच्या पायथ्याचं गाव मागे राहतं आणि कधीकधी आडनावात जाऊन बसतं. हॉलंडातही हेच झालं. आइंडहोव्हनजवळच्या ओस्ताडे नावाच्या वाडीकडचा एक विणकर हार्लेम शहरात आला. त्याचा मुलगा आद्रियान १६१० साली हार्लेमलाच जन्मला आणि १६८५ साली तिथेच वारला. पण सही करायचा ‘व्हान ओस्ताडे’. म्हणजे आपल्या भाषेत ओस्ताडेकर. कुणब्यांची घरं तांब्यावर उमटवली ती या शहरी पोरानं.

त्याची कला मात्र लढाईच्या दारातून आलेली. चिलखतावर नक्षी काढणारे कारागीर लोखंडाला मेणाचा लेप देत, तो सुईनं ओरखडत आणि उघडी पडलेली रेघ तेजाबाला खायला देत. १५००च्या सुमारास आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरनं याच युक्तीनं कागदावर चित्रं छापली. पुढे लोखंड जाऊन तांब्याचा पत्रा आला. तांबं छिन्नीनं कोरायचं तर मनगट मुरावं लागतं. मेणावर सुई बोरूसारखी पळते. मोडकी शिडी, विस्कटलेलं छप्पर, चुलीचा धूर यांना अशीच सैल रेघ हवी. (तांब्यावरची छपाई आपल्यालाही परकी नव्हती: मिरजेला १८०५ साली गीता पत्र्यांवरूनच छापली गेली. त्या पत्र्यांवर श्लोक आले, कुणब्याची सपरी आली नाही.)

ओस्ताडेआधीच्या चित्रांतला शेतकरी बहुधा दारू पिऊन भांडणारा, शहरवाल्यांनी हसावं असा. तरुणपणी ओस्ताडेनंही तेच केलं. पुढे त्याचा हात निवळला. १६४८च्या एका चित्रात तर बाप मांडीवरच्या बाळाला चमच्यानं भरवतो आहे. भांडण नाही, तमाशा नाही. आमच्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्यानं पाहिलं तर आधी विचारेल, ‘माय कुठं गेली याची?’

अशी पन्नासेक छापचित्रं त्यानं केली. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून सहीही उलटीच ओरखडावी लागते. वाडीचं नाव त्यानं असं कितीतरी वेळा मागून पुढे लिहिलं असणार.