दोरीने कापलेले गवत

गवत कापायचे म्हणजे धारदार पाते हवे, हा आपला जुना समज. १९७१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस या गृहस्थाने तो खोटा ठरवला. मोटारी धुणाऱ्या यंत्रातले नायलॉनचे ब्रश गरगर फिरताना ताठ होतात, हे त्याने पाहिले होते. झाडाची साल न दुखवता बुंध्यापाशी वाढलेले गवत कसे काढावे, हा त्याचा घोर. मग काय, मक्याच्या लाह्यांच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यांत मासे धरायची दोरी ओवली, डबा यंत्राला जोडला, नि गवत कापले गेले! १९७७ साली हा धंदा त्याने एमर्सन कंपनीला विकला.

दोरीच ती, तिला काय भ्यायचे, असे मात्र म्हणू नका. ती खडे गोळीसारखे उडवते. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट हवेत. पोरेबाळे पन्नास फूट लांब. दोरी संपली म्हणून तार बांधणे तर अघोरीच. तुटलेला तुकडा कुणाच्या अंगात घुसेल, नेम नाही. अडकलेले गवत इंजिन बंद करूनच काढावे.

दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळते. तेव्हा सांगितलेल्या प्रमाणात तेल मिसळा, नाहीतर दट्ट्या अडकून बसेल. आणि तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका. आधी ते निवू द्या.