चिडवण्याचं कारण कायद्यात आलं तेव्हा

महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. त्याच्या व्याख्येत दुखापत, धमकी यांच्याबरोबर चिडवणंही होतं. पण कशावरून चिडवतात, ते नव्हतं. परभणीहून पुण्यात इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्यासारख्यांच्या बोलण्याची वसतिगृहात नक्कल व्हायची. अंगाला कुणी हात लावत नसे, म्हणून ती गंमत ठरायची.

२०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या २००९ च्या नियमांत दुरुस्ती केली. जात, धर्म, रंग, प्रदेश, भाषिक ओळख, आर्थिक स्थिती यांवरून दिलेला मानसिक त्रासही रॅगिंग ठरला. एवढ्याने नक्कल थांबत नाही. पण तक्रारीच्या अर्जात 'गंमत' सोडून दुसरा शब्द लिहिता येतो.